मांडवीची बेटं, आमचा धुरा

परभणीच्या माणसाला बेट म्हटलं की मुद्गल आठवतं. पाथरी तालुक्यातल्या या गावी गोदावरीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचं दगडी देऊळ उभं आहे. गंगेला पूर आला की देऊळ पाण्यात जातं आणि माणसं काठावरूनच हात जोडतात. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. चहूबाजूंनी पाणी म्हणजे काय, याची आमची ओळख एवढ्यावरच थांबते. बाकी जिथवर नजर जाईल तिथवर काळी माती आणि तिच्यावर पावसाची वाट बघणारं पीक.

अशाच एका श्रावणात मी मांडवीतल्या बेटांवर गेलो. घरी मुगाच्या शेंगा भरत होत्या, सोयाबीन फुलात होतं आणि नेमक्या त्याच वेळी पावसानं ओढ दिली होती. निघताना गावातला जो भेटेल तो आभाळाकडे बघून बोलत होता. गोव्यात उतरलो तर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. एकाच देशात, एकाच नक्षत्रात पाण्याची ही दोन रूपं बघताना आनंद झाला आणि जीव कळवळलाही. हे पाणी ओंजळीनं का होईना, घराकडे नेता आलं असतं तर!

गोवा म्हटलं की लोकांना किनारे दिसतात. पण मांडवी समुद्राला मिळण्याआधी फाटे फोडते आणि त्या फाट्यांच्या कुशीत चोडण, दिवाडी, वांशी, जुवे, कुंभारजुवे अशी बेटं वसली आहेत. खरं तर ज्या तिसवाडी तालुक्यात ती येतात, तो तालुकाही मांडवी, जुवारी आणि कुंभारजुव्याचा कालवा यांनी वेढलेलं बेटच आहे. इथे समुद्राची गाज ऐकू येत नाही. पण समुद्र रोज दोनदा भरतीच्या पाण्यातून नदीत शिरतो, शेताच्या बांधाला धडकतो आणि परत जातो. या बेटांवरचं सगळं जगणं त्या दोन वेळांना बांधलेलं आहे.

पणजीहून रायबंदरला जाताना सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी बांधलेला लांबलचक सेतू लागतो. एका हाताला नदी, दुसऱ्या हाताला मिठागरं. रायबंदरच्या धक्क्यावरून चोडणची फेरीबोट सुटते. सपाट लोखंडी बोट, तिच्यावर मोटारी, स्कुटर, शाळेची मुलं, मासळीची पाटी घेतलेल्या बायका, छत्री मिटून उभे असलेले म्हातारे. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही. आमच्याकडे बस फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, पिशवी, कधी लेकरूही आत जातं. त्यामुळे इथली माणसं ज्या सावकाशीनं बोटीवर चढत होती, ते बघत राहावंसं वाटलं. बोट कोणाला टाकून जाणार नाही आणि गेली तरी दुसरी येणार, हा भरवसा त्यांच्या चालण्यात होता.

शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी विचारलं, ‘तुमी खंयचे?’ परभणी म्हटल्यावर ते विचारात पडले. मग मी आमच्याकडची म्हण सांगितली, ‘जगात जर्मनी, भारतात परभणी.’ ते मनापासून हसले आणि म्हणाले, मग आमचं चोडणही त्यात घाला. नदी ओलांडायला काही मिनिटंच लागतात, पण तेवढ्यात त्यांनी माझं गाव, शेती, लेकरंबाळं सगळं विचारून घेतलं. आमच्या पारावर नवख्या माणसाला जे प्रश्न विचारतात, तेच हे प्रश्न होते. कोण, कुठले, कोणाचे, हे कळल्याशिवाय दोन्हीकडच्या माणसांना चैन पडत नाही.

चोडणच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १७८ हेक्टरांचं हे सगळं खारफुटीचं रान. चिखलातून वर आलेली श्वासमुळं, त्यांच्या मधून तुरुतुरु पळणारे खेकडे, चिखलावर उड्या मारणारे इवले मासे. पाहुणे पक्षी हिवाळ्यात येतात. मी गेलो तेव्हा बगळे आणि खंड्याच होते. पण मला पक्ष्यांपेक्षाही मोठं काही बघायला मिळालं, ते रानाबाहेरच्या शेतात.

या शेतांना इथे खाजन म्हणतात. भरतीला ज्या जमिनीवर खारं पाणी चढतं, ती चिखलमातीच्या बांधानं अडवून भातासाठी काढलेली. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे आणि तिच्यामागे शेकडो वर्षांची मेहनत आहे. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचं दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं तेव्हा झडप आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबानं ती उघडते आणि शेतातलं जादा पाणी नदीत निघून जातं. यंत्र नाही, वीज नाही. चंद्राच्या ओढीवर चालणारं हे दार ज्यानं पहिल्यांदा घडवलं, त्याचं नाव कुठेही कोरलेलं नाही.

मानशीजवळ उभ्या असलेल्या एका शेतकऱ्यानं मला बांधावरून चालत नेलं. बांध म्हणजे चांगली चालायची वाट होती, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला नदीपेक्षा खाली असलेलं हिरवंगार भात. इथे पिढ्यान्‌पिढ्या कोरगुट नावाचं भात लावत आले. मातीत खार असला तरी ते तग धरतं. मी त्याला विचारलं, हा बांध कोणाचा? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. तो म्हणाला, बांध सगळ्यांचा. एका जागी फुटला की खारं पाणी सगळ्यांच्या शेतात जातं, मग पुढची दोन-तीन वर्षं कोणालाच पीक नाही.

हे ऐकताना मला आमचा धुरा आठवला. आमच्याकडे दोन शेतांच्या मधला धुरा हा तंट्याचा उगम असतो. दरवर्षी नांगराच्या एका तासानं तो कोरायचा, शेजाऱ्यानं मोजणी आणायची, मग तहसील, मग कोर्ट. सख्खे भाऊ वीतभर मातीसाठी बोलेनासे होतात आणि वकिलाची फी भागवायला एकराचा तुकडा विकतात. परभणी जिल्ह्यात असं घर नसलेलं गाव मला दाखवता येणार नाही. आमची माती खोल, काळीभोर, कापसाला आणि ज्वारीला जीव लावणारी. आणि तीच माती आम्ही एकमेकांच्या धुऱ्यातून कोरून काढतो. इथे या खाऱ्या चिखलाच्या लोकांना ती चैन परवडतच नाही. पाण्यानं त्यांना शहाणं केलं आहे.

ही नुसती चांगुलपणाची गोष्ट नाही, तिच्यामागे व्यवस्था होती. गावची जमीन गावकारी संस्थेच्या मालकीची, लागवडीला लिलावानं द्यायची, उत्पन्नातून बांध, मानस, देऊळ यांचा खर्च काढायचा आणि उरलेलं गावकारांत, म्हणजे संस्थेच्या सभासदांत, वाटायचं. पोर्तुगीज आले तेव्हा ही घडी त्यांनाही मोडवली नाही. १५२६ मध्ये अफोंसो मेशियानं या रीतिरिवाजांची सनदच लिहून काढली. पुढे त्या संस्थांना कोमुनिदाद हे नाव पडलं आणि त्या आजही आहेत.

चोडणहून परत रायबंदरला येऊन मी दिवाडीची बोट धरली. दिवाडीला पूल नाही, बेटावर पाय ठेवायचा तर बोटच. काठापासून वस्तीपर्यंतचा रस्ता खाजनातून जातो. दोन्ही बाजूंना भात, मधून एकच काळी पट्टी आणि वरून कोसळणारा पाऊस. पुढे टेकडीच्या पायथ्याशी पियेदाद हे गाव लागतं. रुंद पायऱ्यांची घरं, दारापुढे दोन्ही बाजूंना बसायला ओटे असलेला बल्कांव. संध्याकाळी माणसं तिथे बसतात आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाशी दोन शब्द बोलतात. आमच्याकडचे ओटे आता घरात ओढून घेतले गेले. वाड्यांच्या जागी स्लॅबची घरं झाली आणि दाराला ग्रिल लागलं. बल्कांवावर बसलेल्या त्या म्हाताऱ्या बघून आमच्या आज्यांची आठवण झाली. त्यांनाही येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारल्याशिवाय राहवत नसे.

अशाच एका आजीबाईंनी मला पावसातून वर बोलावलं. ख्रिस्ती घर, भिंतीवर मारियेची तसबीर, तिच्यापुढे दिवा. त्यांनी बशीत पातोळ्या आणून ठेवल्या. हळदीच्या पानावर तांदळाचं पीठ थापून, आत गूळखोबरं भरून, पान दुमडून उकडलेल्या. नागपंचमीला हिंदू घरांत याच पातोळ्या होतात आणि १५ ऑगस्टला मारियेच्या सणाला ख्रिस्ती घरांत. हळदीच्या पानाचा वास दोन्ही स्वयंपाकघरांत सारखाच. मी त्यांना आमचे ज्वारीचे धपाटे आणि पुरणाचे दिंड सांगितले. दिंड नागपंचमीला उकडतात म्हटल्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे आमचंच की. जेवायला थांबवलं तेव्हा ताटात उकड्या तांदळाचं शीत, कडी आणि भाजी आली. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या माणसाचं पोट भातानं भरत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. त्या दिवशी माझं भरलं.

बेटांवरच्या श्रद्धेला पाण्यानं एक वेगळीच ओढ येत असावी. ग्रीसच्या तिनोस बेटावर १८२३ मध्ये मारियेची एक प्राचीन तसबीर मातीत सापडली. तेव्हापासून त्याच १५ ऑगस्टला हजारो लोक बोटींनी तिथे उतरतात आणि बंदरापासून टेकडीवरच्या देवळापर्यंत कित्येक जण गुडघ्यांवर रांगत जातात. आमच्या गंगाखेडला जनाबाईच्या दारी किंवा पंढरपूरच्या वाटेवर लोटांगण घेणारा वारकरी ज्यानं बघितला आहे, त्याला त्या ग्रीक भक्ताची ओळख करून द्यावी लागणार नाही.

दिवाडीला मी पोचलो तो ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता आणि बोंदेरांची तयारी चालली होती. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी हा सण होतो. त्याची गोष्ट अशी सांगतात की इथल्या वाड्यांमध्ये पूर्वी हद्दीवरून भांडणं होत, डोकी फुटत, माणसं मरत. पोर्तुगीजांनी हद्दीवर वेगवेगळ्या देशांची निशाणं रोवून दिली. लोकांनी ती दगडांनी पाडली. कालांतरानं भांडण सरलं आणि त्याची आठवण तेवढी उरली. आता दरेक वाडा आपलं निशाण मिरवत, बँड वाजवत, चित्ररथ सजवून रस्त्यावर येतो. पोरं बांबूच्या नळीच्या फोटाशीत रानातली हिरवी फळं घालून एकमेकांवर उडवतात. फटाफट आवाज होतो, कोणाच्या पाठीला लागतं, तो उलटून मारतो आणि दोघंही हसतात.

पावसात भिजत मी ती मिरवणूक बघितली. रस्त्याकडेला लेकरांना खांद्यावर घेतलेले बाप होते, छत्रीखाली एकमेकींना धरून उभ्या असलेल्या बाया होत्या, नोकरीसाठी परदेशी गेलेली आणि या सणासाठी परत आलेली माणसं होती. ज्या हद्दीसाठी यांच्या पूर्वजांनी एकमेकांचं रक्त काढलं, तिच्यावरून आज ही माणसं नाचत होती. मला त्या क्षणी आमच्या तहसील कचेरीच्या आवारातली ती झाडाखालची गर्दी दिसली. तारखेला आलेले, हातात मोजणीचा नकाशा घेतलेले, एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दोन भाऊ दिसले. जुन्या भांडणाचा सण करता येतो, हे त्यांना कोणीतरी दाखवायला हवं होतं.

पियेदादच्या टेकडीवर मोठं चर्च आहे. शेजारच्या दफनभूमीतल्या लहान चॅपेलमध्ये गोव्याच्या कदंब राजांच्या काळच्या देवळाचं कोरीव काम अजून टिकलं आहे. आमच्या धारासूरच्या गुप्तेश्वराच्या देवळात, चारठाण्याच्या देवळांत दगडावर जे बारीक हात चालले, त्याच जातीचे हात इथेही चालले होते. कदंबांचं कुलदैवत सप्तकोटेश्वर याच बेटावर होतं. चौदाव्या शतकात देऊळ उद्ध्वस्त झालं, विजयनगरच्या माधव मंत्र्यानं ते पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ते पाडलं. लिंग विहिरीच्या कठड्याला लावलं होतं, असं सांगतात. भक्तांनी ते तिथून सोडवलं आणि रात्रीच्या अंधारात नदीपार नेलं.

मीही त्याच वाटेनं गेलो. दिवाडीच्या उत्तरेकडून फेरीबोट डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाते. डोंगराच्या कुशीत, माडपोफळींच्या सावलीत सप्तकोटेश्वराचं देऊळ आहे. नोव्हेंबर १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्याच्या जीर्णोद्धाराला हात घातला. तसा शिलालेख दारावर आहे. अलीकडे सरकारनं देवळाची नीट डागडुजी केली आणि २०२३ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आत धारा असलेलं ते लिंग शांत बसलेलं आहे. किती वेळा उचललं गेलं, किती पाणी ओलांडलं, त्याची खूण त्याच्यावर दिसत नाही. नदी मध्ये होती म्हणून देव वाचला. एका काठावर एकाचं राज्य, दुसऱ्या काठावर दुसऱ्याचं, आणि मधलं पाणी ओलांडायची हिंमत असलेली साधी माणसं.

तसेच चोडणचे देवकीकृष्ण. त्यांनाही बेट सोडावं लागलं आणि फिरत फिरत ते फोंडा तालुक्यातल्या माशेलला आले. आईजवळ असलेला कृष्ण मी याआधी कुठल्या देवळात बघितला नव्हता. आषाढी एकादशीला इथे अखंड भजन चालतं आणि द्वादशीला देवळापुढच्या मैदानात चिखलकालो होतो. पावसानं झालेल्या चिखलात अंगाला तेल लावून लहानथोर लोळतात, खेळ खेळतात. परभणीहून पंढरीला पायी जाणाऱ्या दिंड्यांच्या मागे आमच्या लेकरांच्याही पायाला असाच चिखल लागतो. मी गेलो तेव्हा मैदानावर गवत वाढलं होतं. देवळातल्या काकांनी हात करून दाखवलं, इथे, इथपासून तिथपर्यंत चिखल असतो. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर उजेड आला होता.

माशेलजवळून पुलानं जुव्याला जाता येतं. सांत इस्तेव हे त्याचं चर्चवरून पडलेलं नाव. गोव्यात हे बेट भाजीसाठी ओळखलं जातं आणि त्यातही सात शिरांच्या लांब भेंडीसाठी. भात निघालं की तिथे वाफे पडतात. एका घरी बियाण्यासाठी सुकवलेल्या शेंगा तुळईला टांगल्या होत्या, माझ्या वितीपेक्षा लांब. मी त्या घरच्या बाईंना म्हटलं, भेंडीचं आणि माझ्या गावाचं नातं आहे. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ नावाची भेंडी काढली. भेंडीची पानं पिवळी पाडून अख्खा प्लॉट घालवणाऱ्या शिरांच्या रोगाला ती दाद देत नसे आणि ती देशभर गेली. बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, आमची भेंडी आमच्याच मातीत चव धरते, पण तरी घेऊन जा, आणि दोन शेंगा माझ्या हातावर ठेवल्या. निरोप घेताना त्यांनी म्हटलं, ‘देव बरें करूं.’

शेवटी कुंभारजुवे. गणेशचतुर्थीच्या सातव्या दिवशी इथल्या कालव्यात दोन होड्या जोडून त्यांच्यावर देखावे मांडतात, त्या उत्सवाला सांगोड म्हणतात. आणि याच पाण्यात मगरी राहतात. पौष अमावास्येला दुर्भाटच्या बाजूचे शेतकरी बांधावर चिखलाची मगर करून तिची पूजा करतात. बांध आणि शेत राखणाऱ्या पाण्यातल्या जीवाचं स्मरण म्हणून. पोळ्याला बैलासमोर हात जोडणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. ज्याच्याबरोबर जगायचं आहे, त्याला नमस्कार करून घ्यावा, हे दोन्हीकडे ठरलेलं आहे.

या बेटांवर सगळं गोड नाही. बांधावरून फिरताना फुटलेल्या जागाही दिसल्या. तिथे खारं पाणी आत शिरून भाताच्या जागी खारफुटी वाढली आहे. मुलं पणजीला, आखातात, पोर्तुगालला गेली. चिखलात उतरायला माणूस मिळत नाही. काही ठिकाणी मानशी मासळीसाठी हव्या तशा उघडून ठेवतात आणि शेताचं नुकसान होतं. बांध सगळ्यांचा होता तोवर टिकला. तो कोणाचाच राहिला नाही तिथे फुटला. आमच्या गावाचं दुखणं यापेक्षा निराळं नाही. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मोकळा झाला, मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला. दोन्हीकडच्या माणसांनी परक्या सत्तेखालीही आपली माती सांभाळली. आता ती आपल्या माणसांच्या हातून सुटू देणं, यासारखं दुसरं दुःख नाही.

परभणीहून गोव्याला जाणाऱ्यांनी किनाऱ्यावर अवश्य जावं, पण एक सकाळ मांडवीच्या बेटांसाठी ठेवावी. पावसाळ्यातच जावं. दिवाडीच्या खाजनातून चालावं, मानशीची झडप उघडताना बघावी, आणि शेजाऱ्याशी धुऱ्याचा दावा चालू असेल तर त्याला सोबत न्यावं. परत आल्यावर दोघांनी मिळून तो धुरा बांधून काढावा. मोजणीचा खर्च वाचेल, आणि पडलेला पाऊसही शेतातच जिरेल.